मला कल्पना होती

मुलुंड (पूर्व),
११ ऑगस्ट २०२३

चि. शुभास,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

कानातलं नवं यंत्र तू कपाटातच ठेवून दिलं आहेस, असं श्रेयसने फोनवर सांगितलं. पूर्वी आया मुलांच्या तक्रारी मामाकडे करायच्या, आता मुलगा आईची करतो. असो. फोनवर तुला ऐकू येत नाही, व्हॉट्सअॅपची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा पत्रच बरं. तू डोंगराच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. टपालाला चार दिवस लागतात, आपल्याला कुठे घाई आहे?

परवा बुधवारी एक प्रकार झाला. सुहासिनीला मी हसत हसत सांगितला, तुला तसा सांगत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर मी दर बुधवारी एका इंग्रजी शब्दाची कुळकथा सांगतो, हे तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, ती खोड जात नाही. ह्या वेळी शब्द निवडला होता ‘आयडिया’. मुद्दाम निवडला, कारण तो आता मराठीच झालाय. भाजीवालीसुद्धा म्हणते, मेथी निवडायची एक आयडिया सांगते.

मी शब्द न सांगता सुरुवात केली. म्हटलं, हा मूळचा ग्रीक. त्या भाषेत ‘पाहणे’ ह्या क्रियापदापासून झाला. आधी अर्थ होता नुसतं दिसणारं रूप, मग मनाला दिसणारं रूप, आणि मग विचार. आपल्या संस्कृतमधल्या ‘विद्’ धातूचा हा सख्खा भाऊबंद. ग्रीकांनी सुरुवातीचा ‘व’ गिळला म्हणून ओळखू येत नाही इतकंच. वेद, विद्या, नातवंडांचा व्हिडिओ, सगळे एकाच घरातले. वेदनासुद्धा. आपली ‘कल्पना’ मात्र वेगळ्या घरची, ती घडवण्यावरून आलेली. मंडळी खूश होती. शेवटी सांगायचं होतं, की तो शब्द म्हणजे अमुक. आणि शुभा, तो शब्दच नव्हता. कुठेच नव्हता. मी कपाळावर बोट ठेवून उभा राहिलो. नंदकुमार म्हणून एक बँकेतले निवृत्त गृहस्थ आहेत, ते ओरडले, आयडिया. सगळे हसले, त्यांना वाटलं मी कोडं घातलं. मीही हसलो. पण खरं सांगतो, त्यांनी तो शब्द उच्चारला तेव्हाही क्षणभर तो मला अनोळखी वाटला.

असं गेली दोन वर्षं होतंय. मी लपवत आलो. आता आमची लेक गंधाली घाटकोपरहून येऊन मला मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे. तू काळजी करू नकोस, आणि यंत्र कपाटातून काढ.

लोभ धर, राग धरू नकोस.
तुझा अण्णा


बोरिवली (पश्चिम),
१९ ऑगस्ट २०२३

ती. अण्णास,
शुभाचा सा. नमस्कार. सौ. वहिनीस नमस्कार.

पत्र वाचून आधी रागच आला. दोन वर्षं लपवलंस? मग मला बहीण कशाला म्हणतोस? श्रेयसला विचारलं तर त्यालाही काही माहीत नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते अक्षर न् अक्षर कळव. माझी विस्मृती तर झकास आहे, परवा चष्मा घालून चष्मा शोधला. पण तू म्हणतोस ते तसलं वाटत नाही.

यंत्र काढलं. त्यातून भांड्यांचा आवाज इतका येतो की माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. श्रेयस म्हणतो सवय होईल. होईल तेव्हा होईल.

तुझी ती कुळकथा वाचून मजा वाटली आणि थोडं वाईटही वाटलं. मला अशी नावं पाठ असायची बघ. ग्रीक, लॅटिन, काय काय. कढीपत्ता, शेवगा, पारिजात, सगळ्यांची जातकुळीसकट. वनस्पतिशास्त्राच्या संघमित्राबाई म्हणायच्या की नाव नुसतं पाठ करू नकोस, त्याचा अर्थ शोध, मग झाड आपण होऊन ओळख देतं. माझ्यावर फार जीव होता त्यांचा, निदान तेव्हा मला तसं वाटायचं. शेवटच्या वर्षाला मी कॉलेजात गेलेच नाही, तर एकदा घरी येऊन विचारावं असं त्यांना वाटलं नाही. पन्नास वर्षं झाली, अजून मनात आहे. एक्क्याण्णव साली बोरिवलीच्या बाजारात दिसल्या होत्या. माझ्याकडे बघून थांबल्या. मी तोंड फिरवलं आणि टोमॅटो निवडत बसले. बघ कसली हट्टी मी.

असू दे. म्हातारपणी हे सगळं वर येतं. औषध वेळेवर घे, वहिनीला लपवाछपवी करू नकोस.

जीव लावत जा, असाच.
तुझी शुभा


मुलुंड (पूर्व),
६ सप्टेंबर २०२३

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले. मधे मधे शब्द अडले तिथे जागा सोडली होती, नंतर भरली. जिथे भरता आली नाही तिथे वळसा घातलाय, समजून घे.

डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलतात. मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग आकसतोय. म्हणाले, आठवणी काही काळ राहतील, माणसंही राहतील, पण शब्दांचे अर्थ जातील. आधी क्वचित लागणारे, मग रोजचे. समोर वस्तू असेल, तिचं नाव कुणी उच्चारेल, आणि मी विचारेन, म्हणजे काय? औषध नाही. मी विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, तुम्ही बराच काळ लपवलंत, त्यामुळे आता फार नसेल.

म्हणून आजच लिहितो. तू पत्रात बाईंचं लिहिलं नसतंस तर कदाचित लिहिलंही नसतं.

संघमित्राबाई घरी आल्या होत्या. जून त्र्याहत्तर, शाळा नुकत्या सुरू झाल्या होत्या. तू रॉकेलच्या रांगेत गेली होतीस आणि आई पलीकडच्या बिऱ्हाडात. घाटकोपरच्या आपल्या त्या खोलीच्या दारात बाई छत्री मिटून उभ्या राहिल्या. पांढरं सुती पातळ, हातात तुझ्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म. म्हणाल्या, मुदत उद्या संपते, सही तेवढी घ्या, बाकीचं मी बघते. ही मुलगी पुढे एम.एस्सी. करील, मी तिला माझ्या हाताखाली घेईन. मी त्यांना आत या म्हटलं नाही. मी म्हटलं, “तिचीच इच्छा नाही.” त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. त्या फॉर्म घेऊन जिना उतरल्या.

तुला मी सांगितलं की कॉलेजातून कुणी विचारायलाही आलं नाही. आणि बोरिवलीचं स्थळ पुढे नेलं.

कारण तुला ठाऊक नाही. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न झाल्याशिवाय माझं करायचं नाही, असं आईचं म्हणणं. आणि सुहासिनीच्या घरचे थांबायला तयार नव्हते, तिच्यासाठी दुसरीकडे बघत होते. तू शिकत राहिली असतीस तर दोनतीन वर्षं गेली असती. सगळं एवढंच. आईवर ढकलता येईल, गरिबीवर ढकलता येईल. पण बाईंना दारातून परत पाठवलं ते मी. हे सुहासिनीला माहीत नाही. तिला सांगू नकोस.

काल ह्या जागी मी लिहिलं होतं की तुझं किती नुकसान होतंय याची मला कल्पना नव्हती. मग ते खोडलं. मागच्याच पत्रात मी तुला त्या ग्रीक शब्दाची फोड करून दाखवली, की आधी दिसतं, मग ते मनात राहतं. तू जिन्याखालच्या दिव्यात बसून वर्तमानपत्रात पानं दाबायचीस, ती मी रोज येताजाता बघत होतो. मला दिसत होतं. मला कल्पना होती.

माफी हा शब्द मला अजून कळतो, तोवर मागतो. उत्तर लौकर लिही. शक्यतो सोपं लिही.

अण्णा


मुलुंड (पूर्व),
१८ नोव्हेंबर २०२३

प्रिय शुभाताई,
सुहासिनीचा नमस्कार.

मी पत्रं लिहिणारी नाही, ते तुमच्या दोघांचं. पण आता राहवत नाही. भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत. माझ्या लग्नानंतर हे पहिल्यांदाच झालं. हे सकाळी आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसले. श्रेयसचा फोन आला की आईला बरं नाही. मी यांना सांगितलं, ते तरी उठेनात. दुपारी एकला गंधालीने हाताला धरून जेवायला बसवलं.

तुमच्या दोघांत काही झालं आहे हे मला दिसतंय. सप्टेंबरात यांनी एक पत्र स्वतः जाऊन पेटीत टाकलं, मला हात लावू दिला नाही. तेव्हापासून रोज पोस्टमनची वाट बघतात. मी विचारलं तर बोलत नाहीत, आणि आता बोलायचं म्हटलं तरी कठीण झालंय. परवा मी म्हटलं, खिडकी लावा, डास येताहेत. मला म्हणाले, “खिडकी म्हणजे काय?” अगदी शांतपणे, वर्गात मुलगा विचारील तसं. मी हात लावून दाखवली. कट्टा बंद केला. शब्दकोश उघडून बसतात, एका शब्दाचा अर्थ बघतात, त्या अर्थातला शब्द अडतो, मग तो बघतात. संध्याकाळपर्यंत तेच.

ताई, माझं काही चुकलं असेल तर मला सांगा. त्यांच्यावर राग असेल तर दोन ओळी रागाच्याच लिहा. पण आता लिहा.

तुमचीच,
सुहासिनी


बोरिवली (पश्चिम),
२४ नोव्हेंबर २०२३

सौ. वहिनीस,
सा. नमस्कार.

तुझं काही चुकलेलं नाही. मी आजारी नव्हते, ते श्रेयसने माझ्या सांगण्यावरून सांगितलं. ओवाळायचं ताट तयार केलं होतं. यंत्र कानात घातलं, चपला घातल्या, आणि दारातून परत फिरले.

मला थोडा वेळ दे. अण्णाला सांग की पत्र मिळालं. एवढंच सांग.

शुभा


बोरिवली (पश्चिम),
२० जानेवारी २०२४

ती. अण्णास,
नमस्कार.

तू उत्तर लौकर मागितलं होतंस. मला साडेचार महिने लागले. आधी वाटलं, तू मरेपर्यंत लिहायचं नाही. मग वाटलं, तुला विसरूच द्यावं, हीच तुझी शिक्षा. मग लक्षात आलं की तू विसरलास तर ते माहीत असलेली मी एकटीच उरेन, आणि मला ते एकटीला नको होतं.

मी बाईंना भेटून आले. आहेत त्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. श्रेयसने कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारून पत्ता काढला. सांताक्रूझला भाचीकडे असतात, चेतना तिचं नाव. श्रेयस मला रिक्षाने घेऊन गेला आणि खाली थांबला. बाईंचा आवाज आता गेलाय, नुसती कुजबुज उरलीय, आणि मी ही अशी बहिरी. वरून विमान गेलं तेवढं मला ऐकू आलं. शेवटी चेतनाने त्यांच्या मांडीवर वही ठेवली. त्या लिहायच्या, मी वाचायचे आणि बोलायचे.

मी नाव सांगितलं. त्यांनी लगेच लिहिलं: घाटकोपर, दुसरा मजला. मी सांगितलं की तुम्ही आला होतात हे मला गेल्या सप्टेंबरात कळलं. मग त्यांनी लिहिलं ते मी चेतनाकडून मागून आणलं, माझ्यासमोर आहे, तसंच उतरवते: “तुझ्या भावावर माझा विश्वास बसला नव्हता. पुन्हा यायचं ठरवलं होतं. आले नाही. मग बाजारात तू तोंड फिरवलंस, तेव्हा वाटलं, तो खरंच बोलला असेल.”

वाचलंस ना? तू दारात खोटं बोललास, आणि अठरा वर्षांनी मी भर बाजारात त्यावर सही केली. टोमॅटो निवडत. मला तेव्हापासून झोप नाही.

माझा संसार वाईट झाला नाही. हे तुझ्या सोयीसाठी लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. हे चांगले होते, श्रेयस चांगला आहे. पण आजही कुणाच्या बाल्कनीत अनोळखी झाड दिसलं की मी मान खाली घालून जाते. मला नाव विचारलं तर काय सांगू, ह्या भीतीने. हे तू नाही बघितलंस. हे बघ.

माफ केलं असं लिहायला बसले होते. तसं होत नाहीये. रागही पूर्वीसारखा पेटत नाही, नुसता जड होऊन बसलाय. चार फेब्रुवारीला रविवार आहे. मी येते. ओवाळायला नाही, नुसती येते. समोर बसून बोलू, तू वहीत लिहिलंस तरी चालेल.

सुहासिनीवहिनीला मी काही सांगितलेलं नाही. तिच्यासाठी तू हे केलंस हे तिला कळू नये, असं मलाही वाटतं.

आपली माणसं आहोत, आणखी काय लिहू.
शुभा


मुलुंड (पूर्व),
२९ जानेवारी २०२४

प्रिय शुभाताई,
नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. पाकीट यांच्याच हातात दिलं. यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. आता सगळं मोठ्याने वाचतात, पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या. अक्षर ओळखतात, उच्चार पूर्वीसारखेच स्वच्छ. फक्त काय वाचलं ते पोचत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं असं होईल म्हणून. मी समोर बसून शेंगा सोलत होते.

त्यांनी पूर्ण पत्र वाचलं, शेवटपर्यंत. वर्गात धडा वाचायचे तसं, स्वल्पविरामाला थांबून. बाईंचं लिहिलेलं वाचलं, तुमचं बाजारातलं वाचलं, वहिनीला कळू नये तेही वाचलं. मग घडी घालून मला दिलं आणि म्हणाले, छान आहे.

मी सगळं ऐकलं, ताई. मग ट्रंकेत तुम्हाला लिहिलेल्या पत्राचे कच्चे कागद सापडले, तेही वाचले. आता मला सगळं माहीत आहे.

पन्नास वर्षं मी समजत होते की तुम्हाला अभ्यासाचा कंटाळा होता. लग्नात तुम्ही गप्प गप्प होतात तर मी माझ्या आईला म्हटलं होतं की नणंद थोडी शिष्ट दिसते. मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. माझे वडील घाई करत होते हे खरं. पण मी थांबले असते. दोन नाही, चार वर्षं थांबले असते. मला कुणी विचारलंच नाही. यांनीसुद्धा नाही. माझ्या नावावर हे झालं आणि मला विचारलं नाही.

तीन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. मग लक्षात आलं की मी बोलत नाही हे त्यांना कळलेलंच नाही. चहा आणून दिला.

तुम्ही या. उशीर झालाय, तरी या.

तुमची,
सुहासिनी


बोरिवली (पश्चिम),
६ फेब्रुवारी २०२४

सौ. वहिनीस,
सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. श्रेयसने फोन केलाच असेल. रविवारी तू मुद्दाम स्वयंपाकघरात थांबलीस हे मला कळलं. बाहेर काय झालं ते तुला सांगितलं नाही. आता लिहिते.

अण्णाने मला ओळखलं. नाव घेतलं नाही, पण हात धरून खुर्चीवर बसवलं आणि पंखा माझ्या बाजूला फिरवला. लहानपणी उकडायला लागलं की करायचा तसं. मी बरंच काही पाठ करून आले होते. ते सगळं राहिलं. मी एकच वाक्य बोलले. त्याच्याजवळ वाकून, सावकाश म्हटलं, “अण्णा, माझी इच्छा होती.”

त्याने मान वर केली. मी यंत्र घातलं होतं, तरी ओठांकडेच बघत होते, म्हणून नक्की सांगते. तो म्हणाला, “इच्छा म्हणजे काय?”

वहिनी, आयुष्यभर ज्याने मला प्रत्येक शब्दाची फोड करून सांगितली तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला खरोखरच हवं होतं उत्तर. टाळत नव्हता. मी म्हटलं, मला कॉलेजात जायचं होतं आणि मी गेले नाही. त्यातलं ते ‘जायचं होतं’ आहे ना, ती इच्छा. त्याने नीट ऐकलं. दोनदा मान हलवली. कळलं की नाही, मला माहीत नाही.

तू चहा आणलास, आपण प्यालो, तू आत गेलीस. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला, तो तुला आत ऐकू आला असेल. त्याने घाबरून हात मागे घेतला. मग मी हळू आवाजात सांगितलं, चौथ्यांदा. तोवर राग संपला होता की मी थकले होते, ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा येते. तो विचारील, मी सांगेन. तू तेव्हा आत जाऊ नकोस, आमच्यात बस. तुलाही त्याला काही सांगायचं असेल.

तुम्हा दोघांची,
शुभा